जोडीने जन्मलेली घड्याळं

मखमलीच्या डबीत खिशातली दोन घड्याळं शेजारी शेजारी ठेवलेली आहेत असं समजा. दोन्ही सोन्याची. दोन्हींच्या कडेने अर्ध्या मोत्यांची ओळ, पाठीवर मीनाकामातला फुलांचा गुच्छ. जरा निरखून पाहिलं की लक्षात येतं, एका गुच्छातला गुलाब डावीकडे झुकलाय आणि दुसऱ्यातला उजवीकडे. एक घड्याळ म्हणजे दुसऱ्याचं आरशातलं रूप. मागचं झाकण उघडलं की आत काचेचं आणखी एक झाकण, त्याखाली वेलबुट्टी कोरलेलं यंत्र. तबकडीच्या बरोबर मध्यातून लांब सेकंदकाटा निघालेला असतो. तो उडी मारतो, थांबतो, पुन्हा उडी मारतो, दर सेकंदाला एक.

अशी घड्याळं अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लंडन, जिनिव्हा आणि स्वित्झर्लंडमधल्या फ्लरिए नावाच्या छोट्या गावात घडली आणि जहाजात बसून चीनला गेली. जुन्या घड्याळांच्या व्यवहारात त्यांना ‘चिनी बाजाराची घड्याळं’ म्हणतात. नाव ऐकून वाटेल, माल युरोपचा नेहमीचाच, फक्त गिऱ्हाईक चीनचं. पण या गिऱ्हाइकाने घड्याळाचं बाहेरचं रूप तर बदललंच, आतली चाकंही स्वतःच्या हौसेप्रमाणे वळवून घेतली. मला त्यांचं वेड लागलं ते याचसाठी. हे कसं घडलं ते सांगतो.

सुरुवात एका पाद्र्यापासून करावी लागते. मातेओ रिची हा इटालियन जेझुइट, म्हणजे कॅथलिक पाद्र्यांच्या एका संघाचा माणूस, १६०१ साली बीजिंगला पोचला. वानली बादशहासाठी त्याने आणलेल्या भेटींत दोन घड्याळं होती. ती आपोआप ठोके देत, म्हणून चिनी लोक त्यांना ‘झमिंगजुंग’ म्हणू लागले. शब्दशः अर्थ, स्वतःहून वाजणारी घंटा. या घड्याळांनी रिचीला राजधानीत पाय रोवायला मदत केली, कारण चावी देणारा आणि बिघाड काढणारा माणूस जवळपास असणं दरबाराला गरजेचं वाटू लागलं. पुढे शांघायच्या घड्याळजींनी या रिचीला आपल्या धंद्याचा देव मानलं. आपल्याकडे कारागीर विश्वकर्म्याला मानतात तसंच हे. फक्त हा देव परदेशातून आला होता आणि त्याची जन्मतारीख लोकांना माहीत होती.

चीनला वेळ मोजता येत नव्हती असा समज कोणी करून घेऊ नये. तिथे दिवसाचे १२ भाग होते, प्रत्येक भाग आजच्या दोन तासांचा. त्याला ‘शिछन’ म्हणत. आपले आठ प्रहर आणि साठ घटका होत्या, तसाच हा हिशोब. शिवाय ‘ख’ नावाचं छोटं माप होतं. आधी दिवसाचे १०० ‘ख’ धरत. जेझुइट पंडितांच्या सल्ल्याने १६४५ मध्ये नवं पंचांग लागू झालं तेव्हा ते ९६ झाले. भागून पाहा: २४ तासांत ९६, म्हणजे एक ‘ख’ बरोबर १५ मिनिटांचा. युरोपी घड्याळ पावणे, सव्वा, साडेचे ठोके देतं ते याच मापात. चिनी भाषेत पंधरा मिनिटांना आजही ‘ख’च म्हणतात.

तरीही दरबाराला युरोपी घड्याळाचं वेड लागलं ते वेळेपेक्षा करामतीसाठी. खांगशी बादशहाने राजवाड्यातच घड्याळांची कार्यशाळा उभी केली. त्याचा नातू छ्येनलुंग १७३५ ते १७९६ गादीवर होता, त्याच्या काळात तर हौसेला सीमा राहिली नाही. घड्याळात पक्षी गायले पाहिजेत, कमळं उमलली पाहिजेत, काचेच्या पिळदार कांड्या फिरवून पाणी वाहतंय असा भास झाला पाहिजे. कँटन बंदरातले इंग्रज व्यापारी अशा वस्तूंना ‘सिंगसाँग’ म्हणत. लंडनचा जेम्स कॉक्स हा जवाहिऱ्या यातला मोठा माणूस. चांदीचा जो प्रसिद्ध यांत्रिक हंस आज इंग्लंडच्या बोव्स संग्रहालयात मान वाकवून मासा उचलतो, तो त्याच्याच कारखान्यातला, १७७३ मधला.

बीजिंगच्या राजवाडा-संग्रहालयात लंडनच्या विल्यमसनच्या नावाचं एक घड्याळ आहे. त्याच्या खालच्या मजल्यावर युरोपी वेषातली एक बाहुली गुडघा टेकून बसली आहे. चावी दिली, ब्रश शाईत बुडवला की ती कागदावर आठ चिनी अक्षरं लिहिते. अर्थ साधारण असा: आठही दिशा सुसंस्कृत होतात, नऊही देश राजाला वंदन करायला येतात. हे वाक्य ब्रशने, योग्य वळणात लिहिण्यासाठी आत तीन प्रकारच्या हालचाली देणारी चक्रं बसवावी लागतात: हात डावीउजवीकडे, पुढेमागे, आणि ब्रश खालीवर, कारण दाब बदलला की रेघेची जाडी बदलते. लंडनच्या कारागिराने चिनी सुलेखन पितळेच्या चक्रांत उतरवलं. आणि मजकूर तरी कसला? युरोपी माणसाच्या हातूनच बादशहाचा मोठेपणा वदवून घेतलेला! या एका वस्तूतून त्या सगळ्या व्यापारातली मर्जी कोणाची होती ते कळतं.

१७९३ मध्ये इंग्लंडचा राजदूत मॅकार्टनी व्यापाराच्या सवलती मागायला छ्येनलुंगकडे गेला. सोबत ग्रहमालेची यंत्रं, घड्याळं, दुर्बिणी असा नजराणा. जेहोलच्या उन्हाळी महालांत त्याला फिरवून आणलं तेव्हा तिथे आधीच इतकी घड्याळं आणि गाणारी यंत्रं मांडलेली होती की आपल्या भेटी त्यांच्यापुढे तोंड लपवतील अशी खंत त्याने रोजनिशीत नोंदवली. सवलती काही मिळाल्या नाहीत.

छ्येनलुंगचा मुलगा ज्याछिंग मात्र वेगळ्या स्वभावाचा. बाप वारल्यावर, १७९९ मध्ये, त्याने बापाचा लाडका मंत्री हशन याला पकडलं, त्याची मालमत्ता जप्त केली. तीत युरोपी घड्याळंही होती. त्याच वर्षी त्याने बजावलं की घड्याळ वेळ पाहण्यापुरतं ठीक. गोरगरिबांकडे ते नसतं म्हणून काय त्यांचं पहाटे उठणं आणि रात्री निजणं अडतं? आणि ते गाणारे पक्षी तर शेणामातीसारखे. दरबाराची मागणी इथून ओसरली. पण तोवर घड्याळाची हौस राजवाड्याबाहेर, अधिकारी आणि श्रीमंत व्यापाऱ्यांपर्यंत झिरपली होती. खोलीभर मोठ्या यंत्रांचे दिवस संपत आले आणि खिशात मावणाऱ्या घड्याळांचे आले.

हा माल जायचा कुठून? १७५७ पासून पाश्चात्त्य जहाजांना चीनचं एकच बंदर उघडं होतं: कँटन, म्हणजे आजचं ग्वांगझोऊ. तिथेही सरकारने नेमलेल्या ‘होंग’ व्यापाऱ्यांमार्फतच देवघेव करावी लागे. सीमाशुल्क खात्याच्या मुख्य अधिकाऱ्याला इंग्रज ‘हॉप्पो’ म्हणत. त्याला वर बीजिंगला नजराणे पाठवायचे असत, म्हणून तो होंग व्यापाऱ्यांवर दबाव आणून सिंगसाँग मिळवायचा, कधी नाममात्र किमतीत. घड्याळांपायी कर्जात रुतलेले होंग व्यापारी होते. वस्तू सुंदर असली तरी तिची वाट सुंदर असतेच असं नाही, हे लिहिताना मला वाईट वाटतं.

इथेच आपल्या मुंबईचा धागा लागतो. इंग्लंडला चीनचा चहा हवा होता, चीनला इंग्लंडचं कापड फारसं नको होतं. मग चहाचे पैसे भागवायचे कशाने? चांदीने, मुंबईहून जाणाऱ्या कापसाने, आणि पुढे अफूने. गाणारी घड्याळं हा याच हिशोबातला एक छोटा, देखणा आकडा. जेम्स कॉक्सचा मुलगा जॉन हेन्री कॉक्स १७८० च्या दशकात बापाचा माल खपवायला कँटनला गेला आणि तिथे त्याने पेढी काढली. भागीदार बदलत बदलत तीच पेढी मॅग्निअ‍ॅक कंपनी झाली आणि १८३२ मध्ये जार्डिन मॅथेसन. तोवर तिचा मुख्य माल होता अफू, आणि मुंबईकडून तिला माळव्याची अफू पुरवणाऱ्यांत सर्वांत मोठं नाव होतं जमशेटजी जीजीभॉय यांचं. जे. जे. रुग्णालय, जे. जे. कला महाविद्यालय ही नावं आपण रोज घेतो. त्यांच्या मागच्या संपत्तीचा एक रस्ता याच कँटनच्या धक्क्यावरून येतो.

याच मॅग्निअ‍ॅकच्या नोकरीत १८१८ साली एक स्विस तरुण कँटनला उतरला. एदुआर बोव्हे, वय २१, गाव फ्लरिए, काम घड्याळ दुरुस्तीचं. लंडनहून एप्रिलमध्ये निघालेलं जहाज आफ्रिकेला वळसा घालून ऑगस्टमध्ये पोचलं. तिथे त्याने चार घड्याळं १०,००० फ्रँकला विकली. भाव पाहून त्याने घरी भावांना कळवलं, आणि १८२२ मध्ये भावांनी मिळून पेढी काढली: कोणी फ्लरिएत माल घडवायचा, कोणी लंडनहून जहाजात चढवायचा, कोणी कँटनला विकायचा. पुढे बोव्हे हे नाव चीनमध्ये इतकं रुळलं की चांगल्या घड्याळाला लोक याच नावाने ओळखत.

बोव्हेच्या आधी इल्बरीचं नाव घ्यायला हवं. लंडनच्या विल्यम इल्बरीने या घड्याळांचा जो साचा पाडला, तोच बाकीच्यांनी पुढे चालवला. इंग्रज नाव, जिनिव्हात रंगवलेली पेटी, स्विस हातांनी घडलेलं यंत्र असा तो मेळ होता. चिनी गिऱ्हाइकाला ‘लंडन’ या शब्दाचा विश्वास होता आणि जहाजंही लंडनहून सुटत, त्यामुळे स्विस घड्याळावर लंडनचं नाव कोरलेलं सापडलं तर लगेच नकली म्हणून बाजूला सारू नये.

आता घड्याळ हातात घेऊ. जोडी का? चीनमध्ये भेट जोडीने देणं शुभ मानतात. चांगल्या गोष्टी जोडीने येतात अशी म्हणच आहे. त्यात आणखी एक भाषेची गंमत आहे. चिनी भाषेत मोठ्या घड्याळाला ‘जुंग’ म्हणतात, आणि ‘जुंग देणं’ हे शब्द कानाला ‘अखेरचा निरोप देणं’ असे ऐकू येतात. म्हणून टांगायचं किंवा टेबलावरचं घड्याळ भेट देणं आजही अनेक चिनी घरांत टाळतात. खिशातल्या घड्याळाचा शब्द मात्र ‘ब्याओ’, त्याला हा दोष नाही. जोडीचा एक व्यवहारी फायदाही सांगतात: घड्याळजी जवळ नसेल आणि एक बंद पडलं तर दुसरं चालू असतं. मला पहिलं कारण जास्त पटतं. केवळ दुरुस्तीची सोय पाहिली असती तर चित्रं आरशासारखी उलट करण्याचा दुप्पट त्रास कोणी घेतला असता?

ही चित्रं म्हणजे जिनिव्हाचा कळस. मीनाकाम आपल्याला परकं नाही. जयपूरच्या दागिन्यांत सोन्यात खड्डे कोरून त्यात रंग भरतात. जिनिव्हातले कारागीर मात्र खड्डे न कोरता रंगवत. काच दळून, तिच्यात धातूंची ऑक्साइडं मिसळून रंग करायचे आणि सोन्याच्या पत्र्यावर पांढरा थर भाजून त्यावर काही केसांच्या ब्रशने चित्र काढायचं. मग भट्टीत, साधारण ८०० अंश सेल्सियसला, थोडा वेळ. काच वितळते, पत्र्याला धरते. पुढचा रंग, पुन्हा भट्टी. प्रत्येक रंगाला वेगळी उष्णता लागते, म्हणून जास्त उष्णता मागणारे रंग आधी आणि नाजूक रंग शेवटी. पत्रा वाकू नये म्हणून त्याच्या मागच्या बाजूलाही काचेचा थर द्यावा लागतो. शेवटी सगळ्यावर पारदर्शक काचेचं आवरण; त्यानेच चित्राला पाण्याखाली असल्यासारखी खोली येते. शेवटच्या भाजणीत तडा गेला की कित्येक दिवसांचं काम वाया. आणि इथे तर एकसारखी दोन चित्रं सुखरूप बाहेर काढायची! जाँ-लुई रिश्तर हा जिनिव्हाचा चित्रकार (१७६६ ते १८४१) तळ्याकाठचे, बंदराचे देखावे तळहातापेक्षा लहान जागेत असे रंगवी की भिंगाखाली लाटांवरचा प्रकाशही वेगळा दिसतो.

आता त्या उडी मारणाऱ्या काट्याकडे येऊ. मला सगळ्यांत जास्त आनंद देणारा भाग हाच आहे, म्हणून थोडा सावकाश सांगतो.

चावी दिलेली कमान एकदम सुटायला बघते. तिला एकेक घोट करून सोडणारा दरवाजा म्हणजे एस्केपमेंट. पुढेमागे हेलकावणारं एक चाक असतं, त्याला बॅलन्स म्हणतात. ते दर काही हेलकाव्यांनी दरवाजा क्षणभर उघडतं. दात असलेलं चाक एका दाताने पुढे सरकतं आणि जाताजाता बॅलन्सला छोटा धक्का देऊन हलतं ठेवतं. टिकटिक ऐकू येते ती याचीच. युरोपात तेव्हा ‘डुप्लेक्स’ नावाचा एक प्रकार चालत असे. त्यात चाकाला दोन तऱ्हेचे दात: लांब दात अडवण्यासाठी, उभे छोटे दात धक्का देण्यासाठी. बॅलन्सच्या दांड्यावर एक बारीक खाच असते. लांब दात दांड्याला टेकून थांबतो, खाच समोर आली की तिच्यातून निसटतो. हे बॅलन्सच्या एका पूर्ण ये-जात एकदाच होतं. समजा बॅलन्स सेकंदाला चार हेलकावे घेतो, म्हणजे दोन पूर्ण ये-जा. मग काटा सेकंदात दोनदा हलणार, अर्ध्या अर्ध्या सेकंदाने.

चिनी गिऱ्हाइकाला मात्र काटा पूर्ण सेकंदालाच उडी मारणारा हवा होता. त्यासाठी वेगळी चक्रं जोडून करण्याची जुनी पद्धत होती, पण ती महाग आणि गुंतागुंतीची. स्विस कारागिरांनी इथे एक अतिशय साधी युक्ती केली. लांब दाताचं टोक त्यांनी खेकड्याच्या नांगीसारखं दुभागलं. पहिल्या ये-जात नांगीचा एक फाटा खाचेतून सुटतो. चाक किंचित थरथरतं, पण दुसरा फाटा लगेच अडतो. दुसऱ्या ये-जात तोही सुटतो आणि आता चाक पूर्ण दाताने पुढे झेपावतं. दोन ये-जांना एक झेप, म्हणजे सेकंदाला एक. जास्तीची चक्रं नाहीत, फक्त दाताच्या टोकाला एक चीर. या प्रकाराला नावच ‘चिनी डुप्लेक्स’ पडलं. भिंगातून पाहिलं तर दोन उड्यांच्या मध्ये काट्याचा तो बारीक शहारा दिसतो. याची किंमतही आहे: बॅलन्सला धक्का निम्म्या वेळाच मिळतो, म्हणून यंत्र नेमकं आणि कमान दमदार लागते, जराही तेल सुकलं की अडखळायला लागतं.

एवढा खटाटोप केलेलं यंत्र मग झाकून का ठेवायचं? युरोपात घड्याळाचं पोट फक्त घड्याळजी पाहत असे. चीनला जाणाऱ्या घड्याळात प्रत्येक पूल, म्हणजे चाकांना धरून ठेवणारी प्रत्येक पट्टी, पानाफुलांनी कोरलेली असते, आणि वर काच. चावी भरताना मालक रोज ते काम बघायचा. आज महागड्या मनगटी घड्याळांना मागून काच असते ना, त्याच्या दीडशे वर्षं आधीची ही गोष्ट.

यांच्यासोबत आणखीही गमतीचे प्रकार घडले. जिनिव्हाच्या पिगे आणि मेलां या जोडीने १८११ पासून संगीत वाजवणारी घड्याळं केली. तोपर्यंतच्या छोट्या घंटांच्या जागी पोलादी कंगव्याचे दात छेडून सूर काढण्याची कल्पना जिनिव्हाच्याच अँतवान फाव्हरने १७९६ मध्ये मांडली होती, ती इथे कामी आली. सोन्याच्या सुरवंटापासून उंदरापर्यंत चालणारी खेळणी झाली. पिस्तूलच्या आकाराची वस्तू, घोडा ओढला की नळीच्या टोकातून इवलासा पक्षी बाहेर येऊन गातो. फ्रेर रोशा या कारागिरांची मानली जाणारी अशी १८२० च्या सुमाराची एक जोडी २०११ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात सुमारे ५८ लाख अमेरिकी डॉलरला गेली.

१८४२ मध्ये अफूच्या युद्धानंतर चीनची पाच बंदरं उघडली आणि व्यापाराचं रूप बदललं. मीनाकामाच्या जोड्या कमी झाल्या. चांदीच्या पेटीतली, पांढऱ्या तबकडीची, कोरीव यंत्राची फ्लरिएची घड्याळं जास्त खपू लागली, पेटीवर व्यापाऱ्याचं नाव चिनी अक्षरांत. १८६० च्या ऑक्टोबरमध्ये इंग्रज आणि फ्रेंच सैन्याने बीजिंगजवळचा युआनमिंगयुआन महाल लुटला आणि जाळला. तिथली किती घड्याळं सैनिकांच्या पिशव्यांतून युरोपला परतली याची मोजदाद कोण करणार? चीनसाठी युरोपात घडलेली घड्याळं अशी लुटीच्या वाटेने युरोपात आली, आणि गेल्या काही दशकांत हाँगकाँगच्या लिलावांमधून चिनी संग्राहक ती पुन्हा विकत घेऊ लागले.

जी राहिली ती बीजिंगच्या राजवाड्यातल्या घड्याळ-दालनात पाहता येतात. २०२४ मध्ये त्यातली २३ लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आली होती. खिशातल्या घड्याळांसाठी जिनिव्हाचं पाटेक फिलिप संग्रहालय गाठावं.

आणि कधी एखादं घड्याळ प्रत्यक्ष समोर आलंच तर आधी तिरप्या उजेडात मीनाकाम पाहा: केसाएवढे तडे, किंवा जिथे चकाकी अचानक मंद होते अशी जागा, तिथे भाजलेली काच नसून नंतर लावलेला थंड रंग असतो. मग काट्याची उडी नीट बघा. मग पेटीचा आणि यंत्राचा क्रमांक जुळतो का ते पाहा. जोडीतल्या घड्याळांचे क्रमांक बहुधा लागोपाठचे असतात आणि त्यावरून दुरावलेला जोडीदार शोधणारे संग्राहक आहेत. शेवटी चित्रातली माणसं किंवा फुलं कोणत्या बाजूला कलली आहेत ते पाहा. डबीत दुसरं घड्याळ त्याच बाजूला असायचं.